सिव्हिअर दमा आणि जगण्याची क्वालिटी: ती मोजतात कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. दमा आहे, तोही सिव्हिअर, आणि चेस्टच्या ओपीडीत बाकड्यावर बसून बसून इतके फॉर्म भरलेत की आता शेजारी बसलेली माणसं मलाच विचारतात, "ताई, हे काय लिहायचं हो?" तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच सगळं लिहून काढलंय. औषधाचं काहीही तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा.

फुंकायची टेस्ट केली की सगळं कळतं ना? मग हे प्रश्नांचे फॉर्म कशाला?

फुंकायची टेस्ट म्हणजे स्पायरोमेट्री, ती सांगते की तुमच्या नळ्यांमधून पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते. बस. रात्री तीनला उठून खाटेच्या कडेला बसता का, लग्नाला जायचं म्हटलं की आधी धुराचा विचार येतो का, ऑफिसात जिन्यावर मध्येच मोबाइल बघायचं नाटक करून थांबता का, यातलं काहीच त्या मशीनला कळत नाही. दम्यात फुंकणीचा आकडा आणि माणसाचं रोजचं जगणं यांचा संबंध असतो पण कच्चा असतो, हे संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलंय. दोन माणसांची फुंकणी सारखी, एक जण शेतात जातो आणि दुसरा घराबाहेर पडत नाही, असं सर्रास होतं. म्हणून जगणं वेगळं विचारावं लागतं, आणि विचारायचं तर प्रत्येकाला सारखंच विचारावं लागतं, नाहीतर आज "बरं वाटतंय" आणि मागच्या वेळी "जरा बरं वाटतंय" यात फरक काय ते कोण ठरवणार.

सिव्हिअर दमा नक्की कुणाला म्हणायचं? मला तर खूप त्रास होतो.

खूप त्रास होतो म्हणजे सिव्हिअर, असं नाही. युरोप आणि अमेरिकेतल्या श्वसनरोग तज्ज्ञांच्या संघटनांनी 2014 मध्ये व्याख्या ठरवली, ती साध्या भाषेत अशी की जास्त डोसचा स्टेरॉइडचा पंप आणि सोबत दुसरं एक कंट्रोलर, म्हणजे दमा आटोक्यात ठेवायला रोज घ्यायचं औषध घेऊनही दमा आवरत नाही, किंवा आवरायला एवढं सगळं लागतंच, किंवा वर्षातले निम्मे दिवस तरी स्टेरॉइडच्या गोळ्या लागतात. आणि हे सगळं कधी म्हणायचं, तर पंप नीट घेतला जातोय, रोज घेतला जातोय आणि खरंच दमाच आहे हे तपासून झाल्यावर. नेदरलँड्समध्ये मोजलं तेव्हा दमा असलेल्या मोठ्या माणसांत शंभरातले 3-4 च खरे सिव्हिअर निघाले, पण "आटोक्यात येत नाही" म्हणणारे 17 च्या आसपास होते. मधल्या बऱ्याच जणांचं पंप घेण्याचं टेक्निक चुकत होतं किंवा पंप नियमित घेतलाच जात नव्हता. आपल्याकडे तर "पंपाची सवय लागते" म्हणून निम्मी माणसं त्रास झाला की दोन पफ आणि बरं वाटलं की कपाटात, अशीच घेतात. मीही पहिली चार वर्षं तेच केलंय.

कोणकोणते फॉर्म असतात?

बरेच आहेत. मला भेटलेले सांगते.

सगळ्यात नावाजलेला एक्यूएलक्यू, म्हणजे अस्थमा क्वालिटी ऑफ लाइफ क्वेश्चनेअर. कॅनडातल्या मॅकमास्टर युनिव्हर्सिटीत एलिझाबेथ ज्युनिपर आणि त्यांच्या टीमने केला, 1992 मध्ये आला. 32 प्रश्न, मागच्या 2 आठवड्यांबद्दल. चार गट: लक्षणं, कामांवर येणारी बंधनं, भावना, आणि आजूबाजूच्या गोष्टींचा त्रास. हा चौथा गट माझा आवडता, कारण त्यात धूळ, सिगरेटचा धूर, बाहेरची हवा आणि उग्र वास एवढंच विचारतात, आणि आपल्या घरात या चारांत अख्खं वर्ष बसतं, सुक्या मिरचीच्या फोडणीपासून संध्याकाळच्या धुपापर्यंत. याचीच छोटी आवृत्ती मिनी एक्यूएलक्यू, 15 प्रश्नांची, 1999 ची.

दुसरा एसजीआरक्यू, म्हणजे सेंट जॉर्जेस रेस्पिरेटरी क्वेश्चनेअर, लंडनच्या सेंट जॉर्जेसमधला, पॉल जोन्स यांचा, 50 प्रश्न. हा दम्यालाही चालतो आणि सीओपीडी नावाच्या फुप्फुसाच्या दुसऱ्या जुनाट आजारालाही. याची गंमत म्हणजे आकडा उलटा चालतो, 0 म्हणजे मस्त आणि 100 म्हणजे हाल. एक्यूएलक्यूमध्ये 7 म्हणजे मस्त आणि 1 म्हणजे हाल. दोन्हींचे कागद फाइलमध्ये असले की घरचे हमखास गोंधळतात, माझा मुलगा एकदा "आई, 48 चे 39 झाले, कमी झाले की गं" म्हणून तोंड पाडून बसला होता आणि मी हसत होते.

तिसरा खास सिव्हिअर दम्यासाठीच केलेला एसएक्यू, म्हणजे सिव्हिअर अस्थमा क्वेश्चनेअर, इंग्लंडमधल्या प्लिमथच्या मायकल हायलंड आणि सहकाऱ्यांचा, 2018 चा. त्यावर खाली वेगळं लिहिलंय कारण तो बाकीच्यांपेक्षा वेगळा आहे.

या बहुतेक फॉर्मना कॉपीराइट आहे म्हणून प्रश्न जसेच्या तसे इथे टाकत नाही, ओपीडीत मागा.

मी पाच प्रश्नांचा फॉर्म भरला होता, 25 पैकी मार्क होते. तोच का हा?

नाही, ती अस्थमा कंट्रोल टेस्ट म्हणजे एसीटी. ती दमा आटोक्यात आहे का ते बघते, मागच्या 4 आठवड्यांचं विचारते, 20 किंवा वर असलं तर ठीक, 16 ते 19 म्हणजे नीट आटोक्यात नाही, 15 किंवा खाली म्हणजे अगदीच नाही. असाच एसीक्यू, म्हणजे अस्थमा कंट्रोल क्वेश्चनेअर पण असतो, तो 0 ते 6, त्यात कमी म्हणजे चांगलं, आणि दीडच्या वर गेला की दमा आटोक्यात नाही असं धरतात.

कंट्रोल आणि क्वालिटी या बहिणी आहेत, जुळ्या नाहीत. एसीटी विचारते, किती वेळा धाप लागली, किती वेळा रिलिव्हर, म्हणजे त्रास झाल्यावर लगेच आराम देणारा पंप घेतला. क्वालिटीचा फॉर्म विचारतो की त्या धापेमुळे तुमचं काय काय गेलं. माझी एसीटी एका वर्षी 20 आली होती, डॉक्टर खूश, आणि त्याच वर्षी मी भजनी मंडळ सोडलं होतं.

स्कोअर काढतात कसा? माझ्या कागदावर 3.69 लिहिलंय, कशातलं 3.69?

सातातलं. एक्यूएलक्यूच्या प्रत्येक प्रश्नाला 1 ते 7 मार्क, सगळ्यांची बेरीज भागिले 32. तुमची बेरीज 118 आली असणार, 118 भागिले 32 म्हणजे 3.69. प्रत्येक गटाचा वेगळा आकडाही तसाच निघतो, लक्षणांचे 12 प्रश्न, कामांचे 11, भावनांचे 5, आजूबाजूच्या त्रासाचे 4. तो वेगळा आकडा जरूर मागून घ्या. कारण एकूण 3.69 दिसतो पण आत भावनांचा 2.4 असू शकतो, म्हणजे माणूस आतून पार घाबरलेला आहे, आणि सरासरीत ते कुणाला दिसतच नाही.

किती वाढला तर खरंच फरक पडला म्हणायचं? माझा 0.2 ने वाढला.

0.2 वर पेढे वाटू नका. एक्यूएलक्यूमध्ये 0.5 चा फरक हा माणसाला स्वतःला जाणवेल असा सगळ्यात लहान फरक मानतात, 1 च्या आसपास म्हणजे मध्यम, दीड म्हणजे मोठा. वरचंच उदाहरण पुढे नेलं तर 118 ची बेरीज सहा महिन्यांनी 141 झाली, म्हणजे 4.41, फरक 0.72, हा खरा. एसजीआरक्यूमध्ये 4 चा फरक, एसीटीमध्ये 3 चा, एसीक्यूमध्ये 0.5 चा.

हे आकडे गमतीने नाही ठरवले, माणसांना विचारूनच ठरवलेत की "मागच्या वेळेपेक्षा बरं वाटतंय का, किती", आणि ज्यांनी "थोडं" म्हटलं त्यांचा स्कोअर सरासरी कितीने हलला ते बघितलं. पण ही सरासरी आहे. एखाद्याला 0.4 मध्ये पुन्हा स्वतःच्या पायाने देवळात जाता येत असेल तर त्याला जाऊन "तुमचा फरक खरा नाही" असं कोण सांगणार?

मला खरंच फार त्रास होत नाही, सगळ्या प्रश्नांना चांगलेच मार्क देते. बरोबर ना?

इथे जरा थांबा, कारण मी नेमकी इथेच फसले होते.

पहिल्यांदा फॉर्म भरला तेव्हा टेक्निशियन मुलीने विचारलं, जिना चढताना गेल्या दोन आठवड्यांत किती त्रास झाला. मी म्हटलं, अजिबात नाही. खरंच नव्हता झाला. दोन वर्षांपूर्वी आम्ही झोपायची खोली वरून खाली आणली होती, कपाट खाली आलं, शिलाई मशीन खाली आलं, गच्चीवरचे पापड-कुरडया जाऊबाई घालायला लागल्या. मी जिना चढतच नव्हते तर त्रास कुठून होणार. ती मुलगी हुशार, तिने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "काकू, शेवटचा जिना कधी चढलात?" मला आठवेना. आणि मग बाकड्यावरच रडायला आलं, म्हणजे दम्याचं नाही, ते जे हळूहळू गेलं आणि मला कळलंच नाही त्याचं.

सिव्हिअर दम्यात हे फार होतं. माणूस आयुष्य त्रासाच्या मापाचं कापून घेतो आणि मग म्हणतो, मला त्रास नाही. वर आपल्याकडची बायकांची "बरंय, चाललंय" म्हणायची सवय. म्हणून फॉर्म भरायच्या आधी घरी बसून एक वेगळी यादी करा, त्रास होतो म्हणून नाही, तर दम्यामुळे आता करतच नाही अशा कामांची. तीन वर्षांपूर्वीचा एखादा सण आठवा आणि त्या दिवशी तुम्ही काय काय केलं होतं ते बघा, यादी आपोआप होते. आणि ती भरणाऱ्याला सांगा. एक्यूएलक्यूमध्ये दम्यामुळे करायच्या राहून गेलेल्या गोष्टी धरायची सोय आहे, पण तुम्ही बोललात तर.

माझी स्वतःची 5 कामं निवडा म्हणतात. कुठली निवडू?

मूळ एक्यूएलक्यूमध्ये ही फार छान सोय आहे, 5 कामं पेशंटने स्वतः सांगायची, जी तो नेहमी करतो आणि दम्यामुळे अडतात. नंतरच्या स्टँडर्ड आवृत्तीत ही पाच ठरवून दिली, जड मेहनत, मध्यम मेहनत, नोकरी-काम, भेटीगाठी आणि झोप, म्हणजे मोठ्या अभ्यासात सगळ्यांची तुलना करता येते. तुलनेला ते सोयीचं, पण मला विचाराल तर मूळ पद्धतच जास्त खरी.

सुचवायला म्हणून जी यादी देतात त्यात व्हॅक्यूम करणं वगैरे असतं, ते वाचून अडू नका. माझी पाच अशी होती: मोदकाची उकड मळणं, भावाकडे तिसऱ्या मजल्यावर जाणं, अंथरुणं झटकून घालणं, भजनात अख्खा चरण एका दमात म्हणणं, आणि सलग झोप. तुमची वेगळी असतील, म्हशीची धार, एसटीत चढणं, फळ्यासमोर उभं राहून तास घेणं, स्टेशनचा पूल, नवरा-बायकोचं नातं सुद्धा. हे शेवटचं कुणी बोलत नाही पण ते यादीत चालतं आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पुढच्या वेळी मात्र तीच पाच ठेवायची, दर वेळी नवी घेतली तर तुलनेत अर्थ नाही.

स्टेरॉइडच्या गोळ्यांनी चेहरा सुजलाय, वजन वाढलंय, चिडचिड होते. हे कुठे धरतात?

जुन्या फॉर्ममध्ये जवळजवळ कुठेच नाही, आणि हीच माझी त्यांच्यावरची मोठी तक्रार. ते फॉर्म दम्याचा त्रास मोजतात, दम्याच्या औषधाचा नाही. सिव्हिअर दम्यात हे दोन एकमेकांत गुंतलेले असतात, गोळी वाढवली की दम कमी लागतो म्हणून स्कोअर सुधारतो, आणि तिकडे झोप उडते, भूक खवळते, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येतो.

एसएक्यू याच कारणासाठी केला. त्यात 16 प्रश्न, 1 ते 7 मार्क, आणि आजाराचा आणि औषधांचा मिळून काय परिणाम झाला ते विचारतात. थकवा, रात्रीचा त्रास, चिडचिड, खाण्याचे प्रॉब्लेम, आपण दिसतो कसे, औषधांच्या पुढच्या परिणामांची काळजी, असलं सगळं. शिवाय 100 पैकी एक अंदाज वेगळा मागतात, चांगल्या दिवसांतला आणि वाईट दिवसांतलाही, कारण हा आजार एका लेव्हलला राहतच नाही.

"आपण दिसतो कसे" हा प्रश्न वाचून मला बरं वाटलं होतं. चाळीस दिवस गोळ्या खाऊन गोल झालेला चेहरा घेऊन एका लग्नात गेले तर तीन जणी म्हणाल्या, अगं बाई, तब्येत काय छान सुधारलीय! आता त्यांना काय सांगायचं.

एक गोष्ट मात्र ठळक: गोळ्या बरेच दिवस चालू असतील तर स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी केलेलं असतं, ते धोक्याचं होतं. डॉक्टर हळूहळू उतरवतात.

सासूबाईंना वाचता येत नाही. मी त्यांच्या वतीने भरू का?

वाचून दाखवा, उत्तर त्यांचं असू द्या. प्रश्न आहे तसा वाचायचा, पर्याय सगळे वाचायचे, आणि त्या विचारात पडल्या तर "अहो रोज तर खोकता की" असं मध्येच बोलायचं नाही. आपल्याला दिसतो तो खोकला, त्यांना रात्री वाटते ती भीती आपल्याला दिसत नाही. शक्यतो त्यांचा फॉर्म ओपीडीतल्या कुणीतरी भरून घ्यावा आणि सुनेने, मुलाने बाहेर थांबावं, मुलगा समोर असला की म्हातारी माणसं सगळं छान आहे म्हणतात. आणि एकदा समोरासमोर विचारून भरला तर पुढेही तसाच भरायचा.

एका ठिकाणी तर माझा फॉर्म मला न विचारताच भरलेला बघितलाय, सगळीकडे 5-5-5, माझं वयही चुकीचं. मी म्हटलं हा कुणाचा आहे, तर म्हणे तुमचाच. असं दिसलं तर सरळ कोरा फॉर्म मागायचा.

मराठीत फॉर्म मिळतो का? इंग्रजीवरून कुणी तिथल्या तिथे सांगितलं तर चालेल?

आधी मराठी छापील प्रत आहे का विचारा. तोंडी भाषांतर शेवटचा पर्याय, कारण शब्द बदलला की मार्क बदलतात. इंग्रजीतल्या एका शब्दाला आपण धाप म्हणतो, दम लागणं म्हणतो, छाती भरून येणं म्हणतो, जीव घाबरा होणं म्हणतो, आणि या चार वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून नीट भाषांतर करायचं तर दोन जण वेगवेगळं करतात, मग एकत्र करतात, मग तिसरा ते परत इंग्रजीत नेऊन बघतो, आणि शेवटी खऱ्या पेशंटना वाचायला देऊन "तुम्हाला यातून काय समजलं" असं विचारतात. ओपीडीच्या गर्दीत उभ्या उभ्या केलेलं भाषांतर यातलं काहीच नसतं.

फुंकणी चांगली आली पण स्कोअर वाईटच आहे. मी नाटक करतेय असं घरी म्हणतात.

नाटक नाही. याची कारणं शोधायची असतात आणि खरं तर फॉर्मचा सगळ्यात मोठा उपयोग इथेच आहे. नाकातले पॉलिप्स किंवा सायनस, ॲसिडिटी वर येणं, वाढलेलं वजन, झोपेत श्वास अडकणं, सतत उथळ किंवा भराभर श्वास घ्यायची लागलेली चुकीची सवय, घशातल्या स्वरतंतूंचं आवळणं जे हुबेहूब दम्यासारखं वाटतं, आणि चिंता किंवा डिप्रेशन. यातल्या कशालाही पंप वाढवून उत्तर मिळत नाही, उलट स्टेरॉइड फुकट वाढतं. माझ्या ओळखीच्या एका बाईंना श्वासाचे व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टनेच निम्मं बरं केलं.

उलटंही होतं. फुंकणी वाईट आणि स्कोअर छान. हे जास्त धोक्याचं, काही जणांना नळ्या आवळलेल्या जाणवतच नाहीत, आणि काही जण जिना चढायचंच सोडून देतात. तो किस्सा वर झालाच.

महागडी इंजेक्शनं सुरू करायची म्हणतात. त्यात या स्कोअरचा काय संबंध?

बायोलॉजिक इंजेक्शनं, म्हणजे ओमालिझुमॅब, मेपोलिझुमॅब, बेनरालिझुमॅब वगैरे. ही सगळ्यांना लागू पडत नाहीत, आधी रक्तातल्या इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी, आयजीई हे ॲलर्जीचं प्रथिन वगैरे बघून ठरवतात. सुरू केल्यावर निदान 4 महिने तरी देऊन बघा मग ठरवा, असं जिना (GINA) या दम्याच्या जागतिक मार्गदर्शक संस्थेचं म्हणणं आहे. चार महिन्यांनी ठरवायचं कशावरून? अटॅक किती कमी झाले, गोळी किती उतरली, लक्षणं कशी आहेत आणि जगणं कितपत सुधारलं. सुरुवातीचा आकडाच लिहून ठेवला नसेल तर चार महिन्यांनी कशाशी तुलना करणार? म्हणून पहिलं इंजेक्शन घ्यायच्या आधी फॉर्म भरून मागा, हट्टाने मागा. पैसा तुमचा जातोय.

आकडे ऐकायचे असतील तर 2014 मध्ये मेपोलिझुमॅबच्या एका मोठ्या ट्रायलमध्ये इंजेक्शनवाल्यांचा एसजीआरक्यू प्लासिबोवाल्यांपेक्षा, म्हणजे औषध नसलेलं इंजेक्शन टोचलेल्यांपेक्षा, साधारण 7 ने जास्त सुधारला, 4 पुरेसा धरतात म्हणजे बरंच झालं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या ट्रायलमध्ये स्टेरॉइडच्या गोळीचा डोस मध्यमानाने निम्मा उतरला. पण पहिल्या ट्रायलमधली मला इंटरेस्टिंग वाटलेली गोष्ट वेगळीच आहे, नुसतं पाणी टोचलेल्यांचाही स्कोअर 9 च्या आसपास सुधारला होता! ट्रायलमध्ये कुणीतरी दर महिन्याला भेटतं, विचारपूस करतं, पंप घेतला का बघतं. मला तरी यात आश्चर्य वाटत नाही.

विमा किंवा सरकारी कामात ईक्यू-5डी नावाचा फॉर्म दिला. तो पण दम्याचाच का?

नाही, तो कुठल्याही आजाराला चालतो, पाच गोष्टी विचारतो: हालचाल, स्वतःची कामं, रोजचे व्यवहार, दुखणं आणि चिंता. गुडघ्याच्या ऑपरेशनची आणि दम्याच्या इंजेक्शनची तुलना करून पैसा कुठे घालायचा हे ठरवणाऱ्यांना असा एकच माप लागतो, भारतासाठी त्याची वेगळी मूल्यंही चंदीगडच्या पीजीआय या मोठ्या सरकारी वैद्यकीय संस्थेच्या लोकांनी काढलीत. पण तो "आज कसं आहे" एवढंच विचारतो. दम्यात आज ठीक असतं हो. परवा रात्री ऑक्सिजन लावला होता त्याचं काय? आणि धाप हा शब्दच त्यात नाही.

लहान मुलांचं कसं?

मुलांचा वेगळा पीएक्यूएलक्यू आहे, 23 प्रश्न, 7 ते 17 वयासाठी, आणि मुलालाच विचारायचं, आईला नाही. आईबापांचं काय होतं ते मोजायला वेगळा 13 प्रश्नांचा आहे, कारण रात्र रात्र मुलाच्या छातीचा आवाज ऐकत बसणाऱ्यांचीही क्वालिटी असतेच की. लहानांसाठी कंट्रोलची सोपी टेस्टही आहे, 4 ते 11 वयाची, चार प्रश्न मुलाला आणि तीन पालकांना.

किती दिवसांनी भरायचा?

दर तीन-सहा महिन्यांनी आणि औषध बदललं की. रोज भरायची चीज नाही ही. पण ऋतू लक्षात ठेवा, आमच्याकडे दिवाळीचे फटाके आणि थंडी एकत्र येते, पावसाळ्यात भिंतीला बुरशी. नोव्हेंबरचा स्कोअर मे महिन्याशी ताडून "औषध लागू पडलं" म्हणाल तर फसाल. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडा. फॉर्मवर तारीख आणि त्या वेळी चालू असलेला गोळीचा डोस लिहून ठेवा, फोटो काढून ठेवा, ओपीडीतली फाइल हरवते.

स्कोअर 6 च्या वर गेला. आता पंप बंद करू?

नको! पंपामुळेच गेलाय.

अटॅक आला तेव्हा फॉर्म बघून ठरवायचं का दवाखान्यात जायचं की नाही?

अजिबात नाही. वाक्य पूर्ण बोलता येत नाही, ओठ-नखं निळसर, रिलिव्हर घेऊनही दहा-पंधरा मिनिटांत उतार नाही, असं काहीही झालं की सरळ 108 लावा किंवा जवळचा दवाखाना गाठा. फॉर्म मागच्या दोन-चार आठवड्यांचा हिशोब आहे, आत्ताचा नाही.

डॉक्टर फॉर्म बघतच नाहीत, पाच मिनिटांत पुढचा पेशंट. मग भरून काय उपयोग?

खरं आहे, गर्दी असते. मी आता असं करते की अख्खा कागद पुढे सरकवतच नाही. आदल्या रात्री बसून सगळ्यात खालचे मार्क मिळालेले दोन प्रश्न शोधते आणि आत गेल्या गेल्या तेवढेच बोलते. "डॉक्टर, एकूण 4.4 झालाय, आधी 3.7 होता, पण झोपेचे मार्क अजून 2 च आहेत." एवढ्याला वीस सेकंद लागतात, आणि 2 हा आकडा ऐकला की बहुतेक डॉक्टर मान वर करून बघतात. गेल्या वेळी अशाच दोन मार्कांवरून नाक तपासायला पाठवलं आणि पॉलिप निघाले. भजनाचे मार्क 3 वरून 5 झालेत, एका दमात चरण अजून पुरा होत नाही, मध्ये एकदा टाळ वाजवून वेळ मारून नेते, पण शनिवारी जाते.